आठ पाकळ्यांचं फूल

साल एकोणीसशे बहात्तर. नक्की आठवतं, कारण त्या वर्षी पारनेरात पाऊस पडला नाही आणि आमच्या फोटो स्टुडिओत गिऱ्हाईक आलं नाही. अर्धा तालुका दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेला, फोटो कोण काढून घेणार? आमचे हे, म्हणजे सहादेव, दिवसभर पाटीवरची धूळ पुसत बसायचे. मी मात्र जोरात होते. अख्ख्या तालुक्यात कोळ्याचे डोळे मोजलेली बाई मी एकटीच, हे आजही छातीठोकपणे सांगते!

किड्यांचे फोटो काढायचं यंत्र माझं घरचंच. पावडरचा रिकामा डबा दोन्हीकडून कापला, आतून काजळी फासली. घड्याळजीने टाकून दिलेलं भिंग त्यात डिंकाने बसवलं आणि तो डबा सायकलच्या ट्यूबच्या रबराने ह्यांच्या जुन्या कॅमेऱ्याच्या तोंडाला आवळला. किडा किती अंतरावर हवा ते कळावं म्हणून सुतळीला गाठ मारली. गाठ किड्याच्या नाकाशी आली की खटका दाबायचा. किडा तोवर थांबला तर आपलं नशीब.

त्याच दिवसांत माझ्या नणंदेचं, चांगुणाचं, राजूरला जमत आलं होतं. मुलगा गहिनीनाथ, हायस्कुलात मास्तर, बांधलेला पगार. दुष्काळात असं स्थळ म्हणजे रेशनच्या मिलोच्या भाकरीवर तूप. चांगुणाला आधी तिघांनी नाकारलेलं. आधी फोटो पाठवा, पसंत पडला तर येऊ, असा निरोप मुलाच्या आईने, मनकर्णाबाईंनी, दिला होता. ह्यांनी बहिणीचा छान फोटो काढला. अंबाडा, किंचित वळलेली मान, सगळं झकास. रिळात शेवटची एकच जागा उरली.

ती मी लांबवली. खिडकीत एक पांढुरका कोळी उड्या मारत होता. त्याला छत्रीच्या काळ्या कापडावर घेतलं, गाठ लावली, खटका दाबला.

आता चूक कोणाची ते तुम्हीच ठरवा. फोटो काढला की लगेच रीळ पुढे फिरवायचं, ही माझी सवय. पुढचा फोटो काढायच्या वेळी फिरवायचं, ही ह्यांची. लग्नाला चार वर्षं झाली होती, पण ही गोष्ट आम्ही एकमेकांना कधी सांगितली नव्हती. म्हणजे त्या दिवशी रीळ कोणीच फिरवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे अंधाऱ्या खोलीतून ओला फोटो घेऊन बाहेर आले. रागावलेसुद्धा नाहीत, नुसता फोटो पुढे धरला. चांगुणा छान हसत होती आणि तिच्या अंबाड्यावर, कानाच्या वर, लिंबाएवढा कोळी बसला होता. आठही पाय पसरून. डोळे असे स्पष्ट आले होते की मला आधी आनंदच झाला.

"फार सुरेख आलाय," मी म्हणाले.

"कोण?" ह्यांनी विचारलं.

दुपारच्या एसटीने ह्यांचे मामा फोटो घेऊन राजूरला निघणार होते. नवं रीळ नगरहून गुरुवारी यायचं. चांगुणा दारात उभी राहून रडू लागली. चौथाही गेला, एवढंच म्हणत होती. मग ह्यांनी बारीक कुंचला काढला आणि तासभर मान वर केली नाही. पायांच्या पाकळ्या झाल्या, डोळ्यांचे खडे झाले. मामा निघाले तेव्हा चांगुणाच्या अंबाड्यात एक भरगच्च सोन्याचं फूल होतं.

पंधरा दिवसांत मंडळी बघायला आली. मनकर्णाबाईंनी मुलीला नाव विचारलं नाही, स्वयंपाकाचं विचारलं नाही. तिला पाठमोरी उभी केली.

"फूल कुठं हाय?"

"सोनाराकडे दिलंय," हे म्हणाले. "एक पाय... पाकळी निखळली."

"मंग लग्नात दिसंल. आमच्यात फोटूत दावलं ते अंगावर दिसाया पायजे. न्हाई दिसलं तर बोलनी तितंच थांबली म्हना."

मी चहाच्या निमित्ताने आत पळाले. पाठोपाठ गहिनीनाथ पाणी मागायला आला. हातात तोच फोटो.

"वहिनी, फूल फार आवडलं. आठ पाकळ्या, आणि समोर चार डोळे." मग हळूच म्हणाला, "उड्या मारणारा ना? मी शास्त्र शिकवतो."

मी पाण्याचा तांब्या त्याच्या हातात दिला. आईंना सांगू नका, म्हटलं.

"मी कशाला सांगू? साधा कोळी दिसला तरी ती त्याला झोडपते आणि मग अंगणात जाऊन झोपते. मला मुलगी पसंत आहे. पण हा काढला कसा, ते सांगा."

तोवर मला असं कुणी विचारलंच नव्हतं. डबा, काजळी, भिंग, सुतळीची गाठ, सगळं सांगितलं. बाहेर चहा वाट बघत होता. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पुढच्या वेळी रीळ फिरवत जा."

फूल मात्र आता करावंच लागणार होतं. ह्यांनी माझ्यापुढे हात पसरला. माहेरच्या सोन्याच्या वाक्या मी दंडातून उतरवून दिल्या. आठ पाकळ्यांचं फूल मी बघितलं नाही कधी, असं सोनार म्हणत राहिला. नगरची नवी तऱ्हा आहे, असं आम्ही सांगितलं.

लग्न थाटात झालं. मनकर्णाबाईंनी ते फूल पुढे नात्यातल्या सात नववधूंच्या डोक्यात स्वतःच्या हाताने खोवलं. एका हातात केरसुणी घेऊन जन्मभर कोळी झोडपले आणि समाधानाने गेल्या. गहिनीनाथ हेडमास्तर होऊन निवृत्त झाला. दर दिवाळीला त्याचं कार्ड यायचं, उड्या मारणारे कसे आहेत? आमचे हे जाऊन बारा वर्षं झाली. शेवटपर्यंत खटका दाबला की मोठ्याने ओरडायचे, "फिरवलं!" गिऱ्हाईक दचकायचं.

चांगुणाला आम्ही फुलाबद्दल काही बोललो नव्हतो. रडण्याच्या भरात तिने फोटो नीट पाहिलाच नव्हता, भाऊ काहीतरी डाग पुसतोय एवढंच तिला माहीत. लग्नाला तीस वर्षं झाली तेव्हा मी सगळं खरं सांगितलं. तिने फूल काढलं, तळहातावर उलटंपालटं केलं, पाय मोजले आणि पुन्हा अंबाड्यात खोचलं.

"तरीच वहिनी," ती म्हणाली, "तीस वर्षं डोकं खाजतंय."

मी हल्ली नगरला, सावेडीत लेकीकडे असते. भिंग अजून माझ्याजवळ आहे, वाक्या नाहीत. माझा सगळ्यात चांगला फोटो राजूरला चांगुणाच्या भिंतीवर लावलाय. येणारा जाणारा बघतो आणि सोनाराचं कौतुक करतो.