आधी मी बघतो

कर्णिक सरांचे दोन्ही पाय धडधाकट आहेत. तरी चपलांच्या दुकानात ते लंगडत शिरतात.

रोह्याच्या बाजारातल्या दुकानदारांना आता सवय झाली आहे. सर येतात, स्टुलावर बसतात, खिशातून पुठ्ठ्याची घडी काढतात आणि स्वतःच्या उजव्या मोज्यात सरकवतात. मग लेडीज सँडल मागतात. बुटका बांधा, पाऊलही लहान, त्यामुळे सँडल बसते. ती घालून ते दुकानाच्या पायऱ्या उतरतात, रस्ता ओलांडतात, समोरच्या रसवंतीपर्यंत जाऊन परत येतात. साठी उलटलेला, इस्त्रीच्या पँटमधला माणूस बायकी सँडल घालून भर बाजारातून लंगडत चाललाय, हे दृश्य पहिल्यांदा पाहणारा चमकतोच. दुकानदार त्याला खुणेनं सांगतो, चालू दे, सर आहेत.

सँडल नलूताईंसाठी असते. नलूताई म्हणजे सरांची धाकटी बहीण, पेणच्या एका शाळेत शिक्षिका. लहानपणीच्या पोलिओनं त्यांचा डावा पाय जरासा आखूड राहिला. उजव्या पायाखाली पुठ्ठा घातला की सरांचाही डावा पाय तेवढाच आखूड होतो, आणि मग नलूताईंना ती सँडल कुठे चावेल, कुठे दगा देईल, हे सरांना आधी कळतं. "आधी मी बघतो," हे त्यांचं पेटंट वाक्य. खुर्ची असो, रिक्षा असो, नव्या हॉटेलातली पायरी असो, आधी सर बघणार, मग नलूताई.

रोह्याला लागूनच असलेल्या वरश्याला आमच्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट घ्यायला ते आले तेव्हाही पुठ्ठा घालूनच आले होते. जिना चार वेळा चढले-उतरले. बिल्डर हळहळला. म्हणाला, "काका, तुम्ही तळमजलाच घ्या, पायाला त्रास नको." सरांनी पहिला मजला घेतला. राहायला आल्यावर दुसऱ्याच सकाळी दुधाच्या गाडीमागे धावणारे सर पाहून तो बिल्डर जागच्या जागी उभा राहिला. मी त्याच मजल्यावर राहतो. कंपनीत शिफ्टला जातो, म्हणून दिवसाढवळ्या घरी सापडतो. याचा फायदा सरांनी घ्यायचा ठरवला, तो तेव्हापासून.

सर भूगोल शिकवायचे. हिमनदी, हिमरेषा, हिमस्खलन हे सगळं त्यांनी रोह्यातल्या मुलांच्या कितीतरी पिढ्यांना फळ्यावर काढून दाखवलं. स्वतः बर्फ पाहिला तो मासळी बाजारातला. एकाच घरात राहणाऱ्या या दोघा भावंडांनी लग्न केलं नाही. नलूताईंचं कुठे जमलं नाही, आणि सर म्हणायचे, तिचं झाल्यावर मी बघतो. आयुष्यात एवढी एकच गोष्ट त्यांनी 'आधी' बघितली नाही.

तर गेल्या हिवाळ्यात नलूताईंच्या शाळेतल्या बायकांनी नाताळच्या सुट्टीत मनालीला जायचं काढलं. भावांनी, नवऱ्यांनी यायला हरकत नव्हती. एका संध्याकाळी मी सरांकडे वर्तमानपत्र परत करायला गेलो होतो. नलूताईंनी भाकरी वाढता वाढता मोबाइल पुढे केला. त्यात एक बाई पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फावरून सरसर खाली येत होती.

"दादा, मला हे करायचंय," त्या म्हणाल्या.

सरांचा घास हातातच राहिला. "हे म्हणजे?"

"स्कीइंग. तिथे शिकवतात. पट्ट्या भाड्यानं मिळतात."

"नलू, या पट्ट्यांना दोन्ही पाय सारखे लागतात."

"मला सारख्या पायांनी कुठे काय करता आलंय? तरी केलंच ना सगळं."

सरांनी घास परत ताटात ठेवला. मग म्हणाले, "आधी मी बघतो."

नलूताई हसल्या. "काय करणार? मनालीला जाऊन येणार आधी?"

सर मनालीला गेले नाहीत. ते कासूला गेले.

कासूला माझ्या शिफ्टमधल्या म्हात्रेची भातगिरण आहे. सुगी झाली की गिरणीमागे तुसाचा ढीग चढत जातो, आणि डिसेंबरात तो चांगला टेकडीएवढा होतो. हे मीच कधीतरी बोललो होतो. सरांनी ते लक्षात ठेवलं होतं. "तूस घसरतं," ते मला म्हणाले. "बर्फही घसरतो. बाकी तपशील."

पहिली जोडी शाळेतल्या मोडक्या बाकाच्या फळ्यांची होती. तिला त्यांनी सायकलच्या ट्यूबचे पट्टे मारले होते. आम्ही दोघं त्या फळ्या घेऊन रोह्याहून गाडीत बसलो. समोरच्या कोळणीनं विचारलं, "मास्तर, कपाट करताव की काय?" सरांनी तिला नागोठणं येईपर्यंत बर्फ कसा साचतो ते समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "नि मासली राहील का त्यात?"

गिरणीवर म्हात्रेनं आमच्याकडे बघून कपाळाला हात लावला. "मास्तर, तूस खाली आला तरी चालेल, तुमी नका येऊ खाली."

पण सर चढले. मोज्यात पुठ्ठा सरकवला, फळ्या बांधल्या, हातात दोन काठ्या घेतल्या आणि वरूनच माझ्याकडे बघून ओरडले, "संजय, डाव्या पायाकडे लक्ष ठेव!" फळ्यांची टोकं सपाट होती. ती तुसात घुसली आणि सर फळ्यांच्या पुढे निघून खाली आले. तोंडातलं तूस थुंकत उठले आणि म्हणाले, "टोकं वर वळलेली हवीत."

म्हणून दुसरी जोडी बांबूची. चिरून, चुलीवर शेकून टोकं वाकवली. ती छान वळली होती, पण गोल पाठीवर सर उभेच राहीनात. तिसरी सुपारीच्या झावळीच्या रुंद देठाची. मुलं बसून घसरतात ती. ही फार सुंदर घसरली. सर अर्ध्या ढिगापर्यंत उभे आले, म्हात्रेनं टाळ्या वाजवल्या, आणि तेवढ्यात उजवं देठ उभं फाटलं. प्रत्येक वेळी पडल्यावर सर आधी माझ्याकडे बघत आणि विचारत, "पडताना डावा गुडघा आत वळला की बाहेर?" स्वतःला लागलंय का, हे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. मी हसत होतो, म्हात्रे हसत होता. नंतर नंतर आम्हाला हसू येईना. त्यांच्या कोपरांना खरचटलेलं होतं, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली होती, आणि तरी ते पुन्हा वर चढत होते.

चौथी जोडी सनमायकाची. ही मात्र खरंच जमली. गुळगुळीत, रुंद, आणि डाव्या पट्टीवर सरांनी रबरी चपलेचा तळ कापून उंचवटा केला होता. सर वरपासून खालपर्यंत न पडता आले. खाली आल्यावर थांबता येईना म्हणून पोत्यांच्या थप्पीवर आदळले, पण आले.

"हीच जोडी," ते धापा टाकत म्हणाले. "आता पुढच्या रविवारी थांबायचं कसं ते बघू. मग हीच गाडीत घालून मनालीला न्यायची."

सनमायका कुठून आणला, हे मी विचारलं नाही. ते नलूताईंना त्याच संध्याकाळी कळलं. स्वयंपाकघरातल्या ओट्याखालच्या कपाटाला दारं नव्हती. आतले डबे, तेलाची बरणी, केराची सुपली, सगळं उघड्यावर बसलेलं. त्यांनी मला जिन्यात गाठलं. मला खोटं बोलता येत नाही.

पुढच्या रविवारी त्या न सांगता कासूला आल्या.

सर वर उभे होते. नजर पट्ट्यांच्या टोकांवर होती. त्या गिरणीच्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि मला बोटानं गप्प राहायची खूण केली. सर घसरत आले, मध्येच कलले, पडले. पट्ट्या सोडवून पुन्हा वर जाऊ लागले. पुठ्ठा मोज्यातच होता. चढताना प्रत्येक पावलाला त्यांचा डावा खांदा खाली जात होता, हात किंचित मागे फेकला जात होता, मान तोल सावरायला उजवीकडे झुकत होती. मी इतकी वर्षं नलूताईंना जिन्यात पाहतोय. हुबेहूब त्यांचीच चाल. एवढी अचूक की हसू येण्याऐवजी अंगावर काटा आला.

नलूताई टक लावून बघत होत्या. मग मोठ्यानं म्हणाल्या, "मी अशी चालते होय, दादा?"

सर गर्रकन वळले. पट्ट्या हातात, केसांत तूस, चेहरा एखाद्या चोरी करताना सापडलेल्या माणसासारखा. "तू कशाला आलीस?"

"मी स्वतःला चालताना कधी बघितलंच नव्हतं. आरशात पूर्ण दिसत नाही."

"नलू, ते... मी फक्त..."

"वाईट नाही दिसत," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं त्यापेक्षा बरंच बरं दिसतं."

सर खाली आले. दोघं पोत्यांवर बसली. म्हात्रे चहा सांगायला गेला. मी उठायला लागलो तर नलूताई म्हणाल्या, "बस रे, तुझ्यापासून काय लपलंय आता?" त्यांनी सरांच्या केसांतलं तूस एकेक करून काढलं. मग शांतपणे म्हणाल्या, "दादा, तू मनालीला येऊ नकोस."

"अगं, थांबायचं तेवढं राहिलंय. आज जमेल."

"जमेल. तू जमवशीलच. पण मी या पट्ट्या नेणार नाही. तिथल्या घालून बघेन."

"आणि पडलीस तर?"

"पडायचंच आहे मला." त्यांनी बोटांना चिकटलेलं तूस झटकलं. "तू दर वेळी आधी पडून येतोस. मला कधी पडायला मिळालंच नाही, दादा. पन्नाशी झाली माझी."

सरांनी वाकून बुटाची नाडी सोडली, मोज्यातून पुठ्ठा काढला, आणि तो हातात धरून बसून राहिले. चहा आला, निवला. परतीच्या गाडीत पट्ट्या मात्र नलूताईंनी आपल्या मांडीवर घेतल्या होत्या.

त्या मनालीला गेल्या. त्या आठवड्यात सरांनी कपाटाची दारं परत बसवली. भोकं पडलेली होती, तरी बसवली. दिवसातून दोनदा माझ्याकडे येऊन मनालीचं हवामान सांगत. फोन मात्र स्वतःहून केला नाही. "तिला वाटेल मी विचारतोय," म्हणाले.

एका दुपारी मी त्यांच्याकडे असतानाच व्हिडिओ कॉल आला. लाल टोपी, लाल नाक आणि मागे सगळं पांढरं. एका हाताला पट्टी होती.

"दादा, पडले मी!" नलूताई ओरडत होत्या. "खूप पडले!"

"हाताला काय झालं?"

"मुरगळलाय. काही नाही ते. ऐक ना. पहिली जोडी दिली ती लांब होती, पायच वळेनात. दुसरी आखूड निघाली. तिसरीला मी त्या माणसाला म्हटलं, भैया, लेफ्ट बूट में कुछ डालो. त्यानं कपड्याची घडी घातली. मग चौथी दिली, रंग उडालेली, कुणीच घेत नव्हतं ती. आणि ती जमली, दादा! दहा-बारा पावलं अशी गेले, अशी..." फोन हलला, आकाश दिसलं, पुन्हा लाल नाक.

"पडल्यावर उचललं कुणी?" सरांनी विचारलं.

"कुणी नाही. तो भैया येत होता, मी म्हटलं थांबो. उठले माझी मी."

 सरांनी खुर्ची पुढे ओढली, चष्मा वर केला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "नलू, बर्फ कसा असतो गं?"

नलूताई सांगत गेल्या. पायाखाली कसा करकरतो, मुठीत घेतला तर आधी कोरडा कसा लागतो, उजेड डोळ्यांत कसा घुसतो. आयुष्यभर बर्फ शिकवलेला तो माणूस मान डोलावत, मधेच "असं होय?" म्हणत, पहिल्या बाकावरच्या मुलासारखा ऐकत होता.

परत आल्यावर नलूताईंना शाळेत मुख्याध्यापिकेचं पद मिळालं. काम वाढलं, रोजची ये-जा झेपेना. त्यांनी पेणला शाळेजवळ राहायचं ठरवलं. सरांनी हे ऐकलं तेव्हा मी समोर होतो. त्यांचे ओठ हलले, 'आधी' एवढा शब्द बाहेरही आला, आणि मग त्यांनी तो गिळला. म्हणाले, "हवा येईल अशी खोली बघ."

सामान पोचवायला टेम्पोबरोबर आम्ही दोघं गेलो. खोली दुसऱ्या मजल्यावर होती, जिना अरुंद आणि कठडा एकाच बाजूला. सर जिन्याच्या तोंडाशी उभे राहून पायऱ्यांकडे बघत राहिले. त्यांचा पाय आपोआप पहिल्या पायरीवर गेला.

"दादा, तू खाली थांब," नलूताई म्हणाल्या. "सामान संजय आणि टेम्पोवाला आणतील."

सर खाली थांबले. गादीची वळकटी धरून रस्त्यावर उभे राहिले. आमच्या खेपा संपेपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला वाट देत होते. शेवटी नलूताई निरोप द्यायला खाली आल्या. "रविवारी येईन. पोळ्या बाहेरून आणू नकोस, भाकरी करायला शिकलायस ती कर," असं काहीबाही बोलल्या. मग वळल्या आणि जिना चढू लागल्या. एक हात कठड्याला, डावा खांदा खाली, पुन्हा वर. वळणावर दिसेनाशा झाल्या. सर तरी तिथेच. पावलांचा आवाज थांबला, वर दार लागलं, तेव्हा हलले.

येताना एसटीत खिडकीची जागा मिळाली. वडखळ गेलं, नागोठणं आलं, सर बाहेरच बघत होते. मी उगाच कंपनीतल्या गोष्टी काढल्या, त्यांनी हूं हूं केलं. 

बऱ्याच वेळानं ते खिडकीकडे बघतच म्हणाले, "जिन्यात तिनं एकदाही वळून बघितलं नाही."

"हो सर."

"बरं झालं," ते म्हणाले. "बघितलं असतं तर माझं तोंड दिसलं असतं तिला."