तापाला लपायला जागा नाही

कातळकोंड गावात ताप आला आहे, हे ग्रामपंचायतीला मान्य नव्हतं. तापाने येताना कुणाची परवानगी घेतली नव्हती. पण सरपंच गुरुप्रसादांची बायको कुसुमच अंथरुणाला खिळली, तेव्हा तो आपोआप अजेंड्यावर आला.

गुरुप्रसादांना घोर होता तो शिमग्याचा. यंदा पालखीचा पहिला मान त्यांच्या घराला होता. त्यासाठी अंगणात नव्या लाद्याही बसल्या होत्या. आणि आरोग्य केंद्राने कळवलं, ताप ओसरला नाही तर गर्दी नको. पालखी देवळातच राहू दे.

तातडीची सभा भरली. केंद्रातल्या शमिका सिस्टर सरळच बोलल्या, "गेल्या वर्षी तुम्ही डोंगरावरची राई तोडलीत. माकडं जाणार कुठे? उतरली गावात. त्यांच्या अंगावरच्या गोचिडी तुमच्या परसात पडल्या. त्या चावून ताप येतोय."

"म्हणजे दोष गोचिडीचा," गुरुप्रसादांनी निष्कर्ष काढला. "राहते कुठे ती?"

"वाळक्या पानांच्या पातेऱ्यात, झुडपात. पण—"

"मग झुडपंच ठेवायची नाहीत!"

सिस्टरांचा 'पण' टाळ्यांत बुडाला. राई तोडायचा ठरावही असाच झाला होता. राईत काळोख असतो, काळोखात साप असतात आणि सापांचा विकासाला विरोध असतो.

'तापमुक्ती पथक' कामाला लागलं. करवंदीच्या जाळ्या गेल्या, कुंपणाची निरगुडी गेली. ताप गेला नाही. आडोसा गेल्यावर माकडं मात्र थेट घरांच्या कौलांवर राहायला आली. कौलांवर ती फणसावरून चढतात असं आढळलं, म्हणून फणस गेले. मग संशयावरून कोकमाची, म्हणजे रतांब्याची झाडंही गेली. मुळं उपटायला राजापूरहून जेसीबी आणला, त्याने नळाचा पाइप फोडला. डबकी साचली, डास झाले आणि एका तापावर भागत होतं तिथे दोन नांदू लागले.

सरपंचांच्या हापूसच्या कलमांना तेवढा पथकाने हात लावला नाही. हापूसवर गोचीड बसत नाही, असं सरपंचांचं निरीक्षण होतं.

पुढच्या सभेत म्हातारे भागोजी उठले. "सरपंचानू, झाड नाय, झुडूप नाय. ताप आता माणसांतच ऱ्हायला. माणसं कधी तोडताव?"

"विषय पुढच्या सभेत घेऊ," गुरुप्रसाद गंभीरपणे म्हणाले.

सुदैवाने ती वेळ आली नाही. सिस्टरांच्या गोळ्यांनी आणि घरोघरच्या फेऱ्यांनी ताप ओसरला. पथकाचा सत्कार झाला. पालखीला परवानगी मिळाली, मुंबईचे चाकरमानी उतरले, ढोल वाजू लागले.

आणि मग सगळ्यांनी एकदमच डोंगराकडे पाहिलं. गावाच्या हद्दीतलं एक उंच झाड वाजतगाजत आणून होळी म्हणून उभं केल्याशिवाय पालखी देवळाबाहेर पडत नाही, हा पिढ्यांचा रिवाज. डोंगर दाढी केल्यासारखा गुळगुळीत होता.

"शेजारच्या गावातून आणू," गुरुप्रसाद म्हणाले.

"होळी उसनी आणायची?" भागोजींनी कपाळाला हात लावला. "देवाला कौल लावा."

गुरवाने देवाच्या अंगाला फुलं लावून विचारलं. उसन्या झाडाला देवाने फूल दिलं नाही. हद्दीतल्या सगळ्यात उंच झाडाचं नाव घेताच उजवं फूल टपकन पडलं. हद्दीत उंच असं एकच झाड उरलं होतं: गुरुप्रसादांच्या आजोबांनी लावलेलं, फळांनी ओथंबलेलं हापूसचं कलम.

"त्यात काय गोचीडबिचीड नाही हो," गुरुप्रसाद क्षीण आवाजात म्हणाले.

ओटीचं ताट घेऊन दारात उभी असलेली कुसुम आजारपणानंतर पहिल्यांदाच हसली. "अवो, पहिला मान आपलाच ना?"

कुऱ्हाड पडली. कैऱ्या पोरांनी लुटल्या. पालखी नव्या लाद्यांवर मनसोक्त नाचली. सावली नव्हती, एवढंच.

कातळकोंडचा 'आधी आणि नंतर'चा फोटो तोवर ग्रुपमागून ग्रुप फिरला होता. आधी गचपण, नंतर लख्ख. शेजारच्या सरपंचांनी तो पाहून परवाच जेसीबीची चौकशी केली. तुमच्याही मोबाइलवर आला असेल. जरा शोधून बघा. खालच्या लाइकच्या अंगठ्यांत एक तुमचा आहे.