सातचा पाढा आणि गॅस

"पाठवायच्या आधी एकदा ऐकून तरी बघ गं," सासूबाई म्हणाल्या होत्या. मी म्हटलं, "आई, पाढाच तर आहे. त्यात काय ऐकायचं?" आणि बटण दाबलं. पुढचं सगळं रामायण त्या एका बटणातून झालं.

माझी चिमणी दुसरीत आहे. घरात तिची टकळी चालू असते, पण वर्गात तोंडाला कुलूप. पहिलं सहामाही सत्र संपलं तरी बाईंनी तिचा आवाज ऐकलेला नव्हता. मी रोज विचारायची, "आज बोललीस?" ती मान हलवायची. ती मान 'हो'ची की 'नाही'ची, याचा विचार करत मी दुपार काढायची.

मग नव्या बाई आल्या. त्यांनी घरोघरचे रिकामे पत्र्याचे डबे मागवले, त्यांना रंग दिला आणि पाढे डब्यांच्या ठेक्यावर म्हणायला लावले. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, कपाळाला हात लावून फिरायच्या. "वर्ग आहे की वरात?" असं त्यांनी दोनदा विचारलं. पण तिसऱ्या दिवशी चिमणी घरी आली आणि म्हणाली, "आई, मी आज डबा वाजवला. आणि थोडंसं म्हटलंपण." मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले.

त्यामुळे बाईंनी, "तुम्ही कॉलेजात गायचात ना? सातचा पाढा चालीवर म्हणून फोनवर पाठवा, मुलं घरी ऐकतील," असं म्हटल्यावर मी लगेच गायला बसले.

आता माझा स्वभाव असा, की घराबाहेर पडताना मी कुलूप तीनदा ओढून बघते आणि गॅस चार वेळा. गातानाही डोक्यात तेच. 'सात सक बेचाळीस' म्हटलं आणि वाटलं, अरे देवा, दूध! तोंडाने आपोआप विचारलं, "आई, गॅस बंद केलात का?" आतून सासूबाई गरजल्या, "केला गं बाई, तू गा पुढे!" मी गायले पुढे. ठेका मात्र कुठेही चुकला नाही. तीच तर खरी गोची झाली.

आठवड्याभरात बत्तीस मुलांचा सातचा पाढा तोंडपाठ. गॅससकट. मुली विचारायच्या, "आई, गॅस बंद केलात का?" मुलगे डबे बडवून उत्तर द्यायचे, "केला गं बाई, तू गा पुढे!" आणि मग सगळे मिळून, "सात साते एकोणपन्नास!"

मी शरमेने काळीठिक्कर पडले. ताबडतोब नवीन, स्वच्छ पाढा गाऊन पाठवला. चिमणीने एकदा ऐकला आणि निकाल दिला, "हा खोटा आहे. ह्यात आजी नाहीये."

सासूबाई पदराआड हसत होत्या. "मी सांगितलं होतं," एवढंच म्हणाल्या. पण दिवसातून चार वेळा म्हणाल्या.

बाईंनीही जंग जंग पछाडलं. गॅसच्या जागी दोन टाळ्या ठेवल्या, तर मुलं टाळ्या वाजवून बेचाळीसवरच थांबायची. गाडी पुढे हलेचना. अशातच तपासणीचे साहेब येणार असल्याचं पत्र आलं. मोठ्या बाईंनी बजावलं, "साहेबांसमोर पाढा अडखळला, तर डबे भंगारात. आणि गॅसबिस काही ऐकू आलं, तरी डबे भंगारात!"

डबे गेले की चिमणीच्या तोंडाला पुन्हा कुलूप. दोन दिवस मी गॅस चारऐवजी आठ वेळा बघितला.

तपासणीच्या दिवशी सूर धरून द्यायला बाईंनी मलाच बोलावलं. साहेब उशिरा, धापा टाकत आले. घाम पुसत म्हणाले, "हं, सातचा होऊ द्या."

मी सूर दिला. डबे वाजू लागले. सात एके सात, सात दुणे चौदा... पस्तीसपर्यंत गाडी झोकात. सात सक बेचाळीस. दोन टाळ्या. आणि शांतता. बत्तीस जोड्या ओठ नुसतेच हलत होते. मोठ्या बाई डब्यांकडे बघू लागल्या. साहेबांनी पेन उघडलं.

इतक्यात मागच्या बाकावरून एक मुलगी उभी राहिली. माझी चिमणी! थेट साहेबांकडे बघत खणखणीत आवाजात तिने विचारलं,

"आई, गॅस बंद केलात का?"

"केला गं बाई, तू गा पुढे!" अख्खा वर्ग धबधब्यासारखा कोसळला. त्या लोंढ्यात एकोणपन्नासपासून सत्तरपर्यंत सगळं वाहून पार झालं.

मोठ्या बाईंनी डोळे मिटून घेतले. साहेब मात्र पांढरेफटक पडले होते.

"काय म्हणाली ती?" असं विचारून उत्तर न ऐकताच ते फोन काढून व्हरांड्यात धावले. "आई फोन उचलत नाहीये... शेजारच्या काकू, जरा आमच्याकडे बघता का? किल्ली आहे ना तुमच्याकडे?"

व्हरांड्यातून ते बराच वेळ आले नाहीत. तेवढ्यात मी घरी फोन लावून टाकला. बाईंनीही लावला. मोठ्या बाई, "सहज आपलं," म्हणत खिडकीकडे तोंड करून कुणाला तरी शेगडी बघायला सांगत होत्या.

साहेब आले ते हाशहुश करत. त्यांची आई घरी एकटी असते. रोज साडेदहाला ते फोन करून गॅसचं विचारतात. आज तपासणीच्या गडबडीत राहून गेलं. "दूध आटून पातेल्याचा कोळसा झालाय," ते म्हणाले, "आणि आई गच्चीत झाडांना पाणी घालतेय!"

मग त्यांनी शेऱ्यात लिहिलं, 'पाढा उत्तम. चालीत बदल करू नये.'

डबे राहिले. चिमणी आता वर्गात इतकी बोलते, की बाईंनी परवा तक्रारीची चिठ्ठी पाठवली. मी ती जपून ठेवली आहे. आठचा पाढा मात्र सासूबाई स्वतः गाणार म्हणतात.

तुम्हाला एकच विनंती. तुमच्याही घरी, नाहीतर शेजारी, कुणी एकटं असेलच. हे वाचून झालंय ना? मग आत्ता फोन लावा, आणि "केला रे बाबा, तू कर तुझं काम," असं ऐकू येईपर्यंत ठेवू नका.