ओतांच्या दाढीत साखरेचा कापूस

उझबेकिस्तानातल्या मार्गिलान शहराच्या बागेत साखरेचा कापूस विकणाऱ्या रहमतिल्लाला त्याच्या बायकोने, सानोबरने, सकाळीच बजावलं होतं, "मुअत्तरचे बाबा, आज त्या यंत्राचं नाव काढायचं नाही. मुलाकडचे ओता येतायत. त्यांनी दुआ करून चेहऱ्यावरून हात फिरवले आणि सगळे आमीन म्हणाले, की पोरीचं लग्न पक्कं. मग काय बडबडायचं ते बडबडा."

सानोबरने यंत्र पाहुण्यांच्या खोलीत कोपऱ्यात लपवलं आणि त्यावर गाद्या रचल्या. त्याचं मोठं घमेलं मात्र घासून द्राक्षांना घेतलं. घरात तेवढं चकाकणारं दुसरं भांडं नव्हतं.

उस्मानअली ओता म्हणजे मुलाचे आजोबा; तिकडे आजोबांना ओता म्हणतात. उभा जन्म कापसाच्या गोदामात तोलाईवर गेलेला, आणि पांढरी दाढी छातीपर्यंत आलेली. पाचसहा नातेवाइकांसह ते आले, हात धुतले, द्राक्षं खाल्ली आणि गाद्यांना टेकले. लगेच सरळ झाले.

"बेटा, तुमच्याकडे गाद्यांत लोखंड भरतात का?"

यंत्र बाहेर आलं. ओतांनी ते ओळखलं आणि त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "चमचाभर साखरेचा टोपलीभर ढीग करता, ते हेच ना? कापूस फुगवून आणणाऱ्याला मी गोदामाच्या दारातूनच हाकलायचो."

सानोबरचा चेहरा उतरला. चहाची किटली घेऊन आलेली मुअत्तर दारातच थबकली. मुलगा तिला मनापासून आवडला होता.

"फुगवत नाही, ओता," रहमतिल्लाने यंत्राची कळ दाबली. "या डबीत साखर वितळते. डबी गरगर फिरते आणि वितळलेली साखर बारीक भोकांतून बाहेर फेकली जाते. हवा लागताच ती थंड होते. पुन्हा दाणा धरायला तिला सवडच मिळत नाही, म्हणून धागा होतो."

"आणि बाकीचा ढीग?"

"ती हवा."

"म्हणजे हवा विकता."

"हवा फुकट देतो, ओता. पैसे साखरेचे."

बोलण्याच्या भरात डबी तापली. धागे अडवायचं घमेलं द्राक्षं घेऊन मधोमध बसलंय, हे त्याच्या ध्यानात आलं, तोवर धागे खोलीभर सुटले होते. टोप्यांवर, रोट्यांवर, सानोबरच्या भुवयांवर.

"बंद करा ते!"

"केलंय गं. थांबायला वेळ घेते ती."

ओतांची दाढी दुप्पट झाली होती. ती झटकायला त्यांनी द्राक्षांनी ओले झालेले हात घातले. ओल लागताच धाग्यांचं चिकट पाणी झालं आणि दाढी बोटांना धरून बसली. कसेबसे हात सोडवून त्यांनी दोन्ही तळवे डोळ्यांसमोर धरले, रागाने पाहिले, आणि गालांवरून खाली दाढीपर्यंत ओढत नेले.

"आमीन," दारातून मुअत्तर स्पष्ट म्हणाली.

जन्माची सवय. सगळ्या खोलीने चेहऱ्यावरून हात फिरवले. "आमीन."

मग सगळे एकमेकांकडे बघत राहिले.

"पोरी, मी दाढी पुसत होतो," ओता म्हणाले.

"हो, ओता. पण आमचं सगळ्यांचं म्हणून झालं."

ओतांनी मिशीवरून हळूच जीभ फिरवली, थोडं थांबून पुन्हा फिरवली. मग चिकट तळवे समोर धरून राहून गेलेली दुआ त्यांनी सावकाश म्हटली, आणि शेवटचं आमीनही.