पंप गेलाय!

"मी एकटीच जाते," बायको म्हणाली. दुपारी तिची मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी मुलाखत होती.

"एकटी कशाला? गाडी आहे, मी आहे," नवरा म्हणाला.

तो होता, हीच तर खरी अडचण होती. मागच्या मुलाखतीला तो नुसता सोडायला गेला होता. बायकोला पाणी द्यायच्या निमित्ताने आत शिरला, खुर्ची ओढून बसला आणि तिला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं आपणच देऊ लागला. शाळा कशी चालवावी हेही त्याने समितीला समजावलं. जागा अर्थातच दुसरीला मिळाली. ही जागाही हातची गेली तर पुन्हा संधी येणार नव्हती.

जेवणं आटोपून नवऱ्याने किल्ली फिरवली. इंजिन नुसतं कण्हत राहिलं.

"टॅक्सी बोलावते," बायको लगेच म्हणाली.

"थांब! पेट्रोलचा पंप गेलाय. आवाजच नाही त्याचा. आत्ता बदलतो."

"मेकॅनिकला बोलव रे," सासूबाई म्हणाल्या.

"त्यांना काय अक्कल असते, आई!"

हे बोलणाऱ्याने नळ दुरुस्त केल्यापासून घरचे लोक शेजाऱ्यांकडून पाणी भरत होते. चोरांना चकवायला गाडीत छुपं बटणही त्याने स्वतःच बसवलं होतं आणि महिनाभर जो भेटेल त्याला त्याचं कौतुक ऐकवलं होतं. सुटे भाग जमवायची हौस दांडगी. नवा पंप कपाटात स्वेटरांखाली तयारच होता.

पंप मागच्या सीटखालच्या टाकीत, म्हणून ते सीट अंगणात आलं. टाकी काठोकाठ भरलेली, म्हणून पेट्रोल काढायला स्वयंपाकघरातली पातेली आली.

"अरे मेल्या, त्यात मी दूध तापवते!" सासूबाई ओरडल्या.

"धुतलं की झालं! आणि गॅस पेटवू नकोस, घर उडेल."

म्हणजे चहाही गेला. त्यात जुना पंप उपसताना साहेब स्वतः पेट्रोलने न्हाले. नव्या पंपाखालचं रबर काही केल्या बसेना. धड गाडीत, पाय बाहेर, अशा अवस्थेत त्याचं कंपनीला शिव्या देणं चालू होतं. तेवढ्यात बायकोने बोलावलेली टॅक्सी दाराशी आली.

"थांब, मीही येतो!" तो धडपडत बाहेर आला.

टॅक्सीवाल्याने नाक दाबलं. "ह्यांना नाही घेणार, बाई. गाडी पेटायची माझी."

"काम अर्धवट सोडू नका हो," बायको प्रेमाने म्हणाली आणि गेली.

संध्याकाळी ती जागा मिळवून परतली. नवऱ्याचं लक्षच नव्हतं. पंप बसला होता, पेट्रोल परत भरलं होतं, दोन स्क्रू उरले होते ते कंपनीने जास्तीचे दिले होते, आणि गाडी अजूनही कण्हतच होती.

"इंजिनच उतरवावं लागणार," तो रडवेला होऊन म्हणाला.

"सरका जरा."

ती बसली. तिचा हात हळूच सीटखाली, त्या छुप्या बटणाकडे गेला. सकाळी तिनेच ते बंद केलं होतं, म्हणून पंपाला वीजच मिळत नव्हती. ज्याने बसवलं त्याला मात्र दिवसभरात त्याची एकदाही आठवण झाली नव्हती. तिने किल्ली फिरवली. गाडी झटक्यात सुरू झाली.

"बघितलंस? पंपच होता!" नवरा नाचायचाच बाकी राहिला.

"तुमच्याशिवाय कुणाला कळलं असतं!"

सासूबाई अंगणात पातेलं घासत होत्या. त्यांनी सुनेच्या हाताकडे पाहिलं आणि मान खाली घालून आणखी जोरात घासू लागल्या.

"आता रोज शाळेत मीच सोडणार तुला. तुझ्या शिक्षकांनाही जरा शिस्त लावतो."

बायकोचा हात पुन्हा सीटखाली गेला. गाडीने एक आचका दिला आणि ती बंद पडली.