मातीला बनियन चारणारे झनकलालभाऊ

झनकलालभाऊंना प्रथमच भेटायला जाणाऱ्याने सदऱ्याचे वरचे बटण लावून जावे, असा माझा सल्ला आहे. अन्यथा रामराम म्हणता म्हणता त्यांची दोन बोटे आपल्या गळ्यातून आत शिरतात, बनियनची कड बाहेर ओढतात आणि चिमटीत चोळून पाहतात. "सुती हाये का मिलावट?" बनियन सुती निघाली की पुढचे वाक्य ठरलेले. "जुनी झाल्यावर फेकू नोका गा. मले द्या."

गोरेगावच्या तहसील कार्यालयासमोर मी अर्ज लिहून देण्याचे काम करतो. माझे शिक्षण आठवीपर्यंतचे. परंतु माझ्या हातचा अर्ज कोण्या साहेबाने न वाचता बाजूला ठेवला, असे आजवर घडलेले नाही. तेव्हा खालील मजकूर साधार आहे, हे वाचकांनी गृहीत धरावे.

भाऊ आमच्याच वस्तीत राहतात. घरामागे त्यांची लहानशी वाडी आहे. तेथे त्यांच्या पत्नी मैनाबाई वांगी, वाल आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, लावीत. मैनाबाईंचा विरोध डावलून भाऊंनी ही वाडी एका मोटारसायकल मिस्त्रीला भाड्याने दिली. मिस्त्री स्वभावाने वाईट नव्हता. फक्त गाडीचे जळके तेल जेथे निघेल तेथेच सोडून द्यायची त्याला सवय होती. पुढे त्याने दुकान बसस्थानकाकडे हलवले. तेल मात्र येथेच राहिले. जमीन डांबरासारखी काळी पडली, पाणी मुरेनासे झाले. मैनाबाईंनी वाल पेरले, उगवले नाहीत. पुन्हा पेरले, पुन्हा नाहीत. त्यानंतर त्या नातवाला सांभाळण्यासाठी नागपूरला मुलीकडे गेल्या. तो नातू आता शाळेत जातो.

"वाडी जिती झाली का येते म्हने," असे भाऊ विचारणाऱ्याला सांगत. वाडी जिवंत करणे, एवढे एकच काम त्यांनी त्या दिवसापासून अंगावर घेतले.

आमच्या कृषी सहायक बाईंनी त्यांना समजावले की, तेल खाऊन पचवणारे सूक्ष्म जीव मातीतच असतात. त्यांना शेण, धानाचे तणस, ओलावा आणि हवा मिळाली पाहिजे. सोबत एक सोपी परीक्षाही सांगितली. सुती कापड मातीत गाडावे आणि दोनेक महिन्यांनी काढावे. कापड सडले तर माती जिवंत. बाईंनी हे सहज सांगितले असावे. भाऊंनी ते मंत्रासारखे धरले. आपली माती किती मेली हे कळण्यासाठी दुसऱ्यांची किती जिवंत आहे ते कळले पाहिजे, असा विचार करून त्यांनी गावातल्या बांध्याबांध्यांतून, म्हणजे धानाच्या वाफ्यावाफ्यांतून, बनियनी गाडल्या. परवानगी घेणे त्यांना सुचले नाही.

परिणामी धानाची शेती करणाऱ्या विधवा अनुसयाबाई एके दिवशी पॉलिथिनच्या पिशवीत एक चिंधी घेऊन माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. धानाच्या बांधीत खणताना ती निघाली होती, आणि झनकलालभाऊंना तेथे वाकलेले लोकांनी पाहिले होते. करणीचा उघड प्रकार! मी तात्काळ लिहिले: "सदर इसमाने अर्जदार विधवेच्या बांधीत परपुरुषाच्या अंतर्वस्त्राचा अवशेष दुष्ट हेतूने पुरला." हे वाक्य मला आजही आवडते. तथापि स्थळपाहणीशिवाय अर्ज देणे माझ्या तत्त्वात बसत नसल्याने आम्ही दोघे भाऊंच्या घरी गेलो.

"काऊन गा झनक्या," अनुसयाबाई फाटकातूनच गरजल्या, "माह्या बांधीत बनियन कायले गाडली? कोनावर करनी करून राहिला?"

चिंधी पाहताच भाऊंचा चेहरा उजळला. "खाल्ली! अर्जीवाले बाबू, पाहा, फक्त गऱ्याची पट्टी अन् शिलाई ठेवली! बाई, तुह्या मातीले भूक हाये. एक नंबर भूक!"

मातीतले जीव, तेल, परीक्षा, हे सर्व त्यांनी एका दमात सांगितले. अनुसयाबाईंचा आवाज खाली आला.

"म्हंजे माही माती चांगली?"

"चांगली? तिच्यासारखी आजूबाजूले नाही."

"अन् तुही?"

भाऊ वाडीत गेले. कुदळीने एक कोपरा उकरून त्यांनी बनियन काढली. काळी झाली होती, परंतु अखंड. आतल्या चिठ्ठीवरचा मापाचा आकडासुद्धा वाचता येत होता.

"धुऊन घाल," अनुसयाबाई म्हणाल्या. "आनखी दोन वर्सं चालते."

मी हसलो. भाऊ हसले नाहीत. दोन्ही खांद्यांना धरून, दोरीवर टाकायच्या कपड्यासारखी ती बनियन ते बराच वेळ पाहत राहिले.

"बाबू," अनुसयाबाई मला परतताना म्हणाल्या, "अर्ज राहू द्या. माही माती एक नंबर हाये असं लिहून द्या, ठप्प्यासकट."

त्यानंतर भाऊंचे काम मी जवळून पाहिले. तेलाची माती खणून तिचा ढीग करून त्यात ते तणस आणि शेणखत मिसळत, पाणी शिंपडत, ठराविक दिवसांनी ढीग पालटत आणि बैलापुढे वैरण टाकावी तसे म्हणत, "खा बाप्पा, खा." एका टिप्परवाल्याने ही माती उचलून नाल्याकाठी टाकण्याची तयारी दाखवली. एका दिवसात जागा मोकळी होणार होती.

"कोनाच्या नाल्याकाठी?" भाऊंनी विचारले. "तिथं कोनाची बायको वाल लावत असन त?"

टिप्पर रिकामा परत गेला. दुसरा पावसाळा सरला. ढीग पुन्हा वाडीत पसरून त्यात नवी बनियन गाडून झाली. हिवाळ्यात एका सकाळी भाऊंनी मला पंच म्हणून बोलावले. मी इस्त्रीचा सदरा घालून गेलो. त्यांनी उकरले तेव्हा हाती गळ्याची पट्टी आली, शिलाईचा धागा आला आणि त्यात गुंतलेले एक गांडूळ आले. भाऊंनी गांडूळ सोडवून मातीत ठेवले, वरून चिमूटभर माती टाकली.

कापड सडल्याने माती जिवंत ठरते, निर्दोष ठरत नाही, हे मी पंच या नात्याने निदर्शनास आणले. परंतु कृषी सहायक बाईंनी प्रयोगशाळेकडे नमुना आधीच पाठवला होता. अहवालानुसार तेल पुष्कळ उतरले होते. पहिले वर्ष मात्र फुलेच लावा, खायचे काही नको, असे त्यांचे सांगणे होते.

भाऊंनी मोबाईल काढला. नंबर लावण्यापूर्वी मातीचा हात धोतराला पुसला. आवाज मोठा असल्याने मला दोन्ही बाजू ऐकू आल्या.

"मैना, वाडी सुधरली."

"मंग?"

भाऊ गडबडले. "मंग... पयल्या साली भाजी नाही म्हन्ते मॅडम. फूलं लावाचे."

"तुमाले फूलं लावता येतात का?"

"नाही येत."

 पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"मंग हात नोका लावू," मैनाबाई म्हणाल्या. "शनवारच्या गाडीनं येतो. मी आल्यावर लावतो."

फोन बंद झाला. भाऊ तसेच उभे होते, वाडीच्या मधोमध. मग त्यांनी कुदळ उचलून बाहेर कुंपणाला टेकवली, पायातल्या चपला काढून हातात घेतल्या आणि नुकती भुसभुशीत झालेली माती दबू नये म्हणून काठाकाठाने, भिंतीला अंग घासत, हळूहळू घराकडे गेले.