चाळीस प्रतींचा खप

आमच्या शेजारचे कुराहाशी आजोबा सूट-टाय घालून चोरी करायचे.

दर महिन्याला मी इथल्या, म्हणजे ॲन आर्बरच्या, इंडियन स्टोअरमध्ये तांदळाच्या पोत्यांशेजारी मराठी मंडळाच्या चार पानी मासिकाच्या चाळीस प्रती ठेवायची. संपादक मी, मुद्रितं तपासणारी मी. तासाभरानं बघावं, तर गठ्ठा गायब! आणि बाहेर बसस्टॉपवर ब्रीफकेस छातीशी धरून कुराहाशी.

"आई, ते मीडिया मोगल होते जपानमध्ये," माझा निखिल म्हणाला. "दोन पेपर, एक चॅनेल. त्यांनी फोन केला की मिनिस्टर रिझाइन करायचे."

"मग आमचाच पेपर कशाला लागतो मेल्याला?"

मी तेव्हा बासष्टची, म्हणजे तशी कोवळीच. अक्कल यायची होती. त्यात मंडळाच्या अध्यक्षांनी बजावलेलं, "मावशी, कोणी वाचत नसेल तर प्रिंट बंद करू. व्हॉट्सॲपवर टाकू." मला वाटलं, हा म्हातारा अंक पळवून मासिक बंद पाडणार आणि मग गिळणार.

त्यांचं बोलणंही संशय यावा असंच. भेटेल त्याला विचारायचे, "सर्क्युलेशन?" पोस्टमनलासुद्धा. मी "फॉर्टी" म्हटल्यावर कमरेत वाकले. "स्मॉल. बट पेपर." थालीपीठ दिलं तर निकाल आला, "फ्रंट पेज!" मेथीच्या भाजीला "पेज सेव्हन." पेज सेव्हन! त्या दिवसापासून उघड वैर.

मार्चचा अंक ठेवला आणि मी पाळतीवर राहिले. मफलर, गॉगल. स्वतःला हेर समजत होते, दिसत होते नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यासारखी. त्यांच्या मागोमाग बसमध्ये चढले, उतरले.

बर्फातून चालत ते एका दाराशी गेले. पायपुसण्यावर अंक ठेवला, बेल वाजवली, वाकले आणि निघाले. मग पुढचं घर. दाराबाहेर चपलांचा ढीग दिसला की घर मराठी, असा त्यांचा आडाखा. त्यामुळे बरीच तेलुगू, गुजराती आणि एक कोरियन कुटुंब माझे वाचक होऊन बसले होते.

मी आडवी गेले. "व्हाय?"

दचकले नाहीत. "पेपर दारात यायला हवा," त्यांच्या तुटक इंग्रजीत म्हणाले. "दुकानात नाही." थोडं चालल्यावर आपणहून सांगितलं, "मुलानं मला चेअरमनपदावरून काढलं. मला कोणी बोललं नाही. सकाळी पेपर दारात आला, त्यात वाचलं." मग म्हणाले, "छपाई स्वच्छ होती."

पुढच्या दाराशी मी अंक ठेवला. त्यांनी खाली वाकून तो फिरवला. मथळा दार उघडणाऱ्याकडे हवा. बेल वाजवून निघाले, तेवढ्यात मी त्यांची बाही धरली.

दार उघडलं. कणकेच्या हातांची एक मुलगी. "अगंबाई, आला!" म्हणत तिनं अंक दोन बोटांनी उचलला आणि उंबऱ्यातच उभी राहून वाचू लागली. आमच्याकडे बघायचंही तिला सुचलं नाही.

आजोबांना मराठीचं अक्षर कळत नाही. तिनं पान उलटेपर्यंत ते थंडीत तिच्याकडे बघत उभे राहिले.